एकमेकांशी जुळणारी ओपन सोर्स लायसन्सं: सीमाभागातल्या सामुदायिक सॉफ्टवेअरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात वाचनालयाची नोंदवही, पतसंस्थेचा हिशेब, गणेश मंडळाची वर्गणी, मराठी-कन्नड शब्दकोश अशी छोटी सॉफ्टवेअरं हौसेनं बनवणारी मुलंमुली बरीच आहेत. कोड चांगला असतो. लायसन्सची, म्हणजे तो कोड दुसऱ्यांनी कसा वापरायचा हे सांगणाऱ्या परवान्याची, आठवण मात्र शेवटच्या दिवशी होते. खालचे प्रश्न त्यांच्याकडून, त्यांच्या सरांकडून आणि कधी संस्थेच्या चेअरमनांकडून आलेले आहेत. उत्तरं वकिली सल्ला म्हणून घेऊ नका. पैशाचा किंवा करारमदाराचा मामला असेल तर वकील गाठाच.

लायसन्स टाकलंच नाही तर काय होतंय? कोड तर गिटहबवर उघडा आहे की.

दिसायला उघडा, पण हात लावायची सोय नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. लिहिला की लेखकाचा हक्क तयार. नोंदणीची गरज नाही. लायसन्स नसेल तर सगळे हक्क राखीव. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटच्या अटींमुळे लोक तो कोड तिथल्या तिथे पाहू शकतात, फोर्क करू शकतात, म्हणजे तिथंच आपल्या खात्यात त्याची प्रत घेऊ शकतात. पण निपाणीच्या एखाद्या वाचनालयाला तो उतरवून, बदलून आपल्याकडे चालवायचा असेल तर कागदोपत्री आधार काहीच नाही. जाणता प्रोग्रामर अशा रेपोला (कोडच्या साठ्याला) पॅच, म्हणजे एखादी दुरुस्तीसुद्धा, पाठवत नाही.

रीडमीमध्ये "कुणीही वापरा, आमची हरकत नाही" असं लिहिलंय. तेवढं पुरे ना?

मन मोठं आहे, पण काम भागत नाही. वापरा म्हणजे नुसतं चालवा, की बदला, की बदलून विका? कायद्याच्या कलम ३० प्रमाणे लायसन्स लेखी लागतं, आणि लेखी द्यायचंच तर शेकडो वकिलांच्या नजरेखालून गेलेला मजकूर सोडून स्वतःचा कशाला रचायचा? घरी रचलेल्या एका ओळीनं किती घोळ होतो त्याचं उदाहरण डेटा देवाणघेवाणीच्या जेसन या पद्धतीच्या मूळ लायसन्समध्ये आहे. हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे, अशी एक ओळ त्यात होती. चांगलं-वाईट ठरवणार कोण? डेबियन या लिनक्स प्रणालीनं ते लायसन्स मुक्त मानलं नाही, आणि अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेनं २०१६ मध्ये असला कोड आपल्या प्रकल्पांत घेणं बंद केलं.

लायसन्सं जुळतात किंवा जुळत नाहीत म्हणजे नेमकं काय?

दोन ठिकाणचा कोड एकत्र करून एकच प्रोग्राम बनवला आणि तो दुसऱ्याला दिला, तर दोन्हीकडच्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळता आल्या पाहिजेत. पाळता आल्या तर जुळलं. एक म्हणतं "हे करा" आणि दुसरं म्हणतं "हे करायचं नाही", तर ती जोडगोळी वाटता येत नाही, मग दोन्ही कोड ओपन सोर्स का असेनात.

यात दिशा महत्त्वाची. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. पाणी उलटं चढत नाही. एमआयटी, बीएसडी आणि अपाची ही सैल लायसन्सं; जीपीएल आणि एजीपीएल ही त्या कोडवरून बनवलेला प्रोग्राम वाटताना तोही त्याच लायसन्सखाली, सोर्ससकट द्यायला लावणारी. एमआयटी किंवा बीएसडीचा कोड अपाची २.० च्या प्रकल्पात चालतो, अपाचीचा कोड जीपीएल ३ च्या प्रकल्पात चालतो, जीपीएल ३ चा कोड एजीपीएल ३ च्या कोडला जोडता येतो. उलट दिशेनं जायचं म्हटलं की अडलं. जीपीएलचं एखादं फंक्शन उचलून एमआयटीच्या प्रकल्पात टाकायचं आणि सगळं मिळून एमआयटी म्हणून वाटायचं, हे होत नाही.

इथं एक गैरसमज हमखास असतो. एमआयटीची फाइल जीपीएलच्या प्रकल्पात घेतली म्हणून तिचं स्वतःचं लायसन्स पुसलं जात नाही. तिच्या डोक्यावरची कॉपीराइटची ओळ आणि एमआयटीचा मजकूर तसाच ठेवायचा. सबंध प्रोग्राम हातात देताना तो जीपीएलखाली दिला, एवढाच अर्थ.

मग सुरुवात कुठून करायची? आधी लायसन्स निवडायचं की आधी कोड लिहायचा?

दोन्हीच्या आधी यादी करायची. बाहेरून काय काय आणणार आहात ते कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे त्याचं लायसन्स लिहा. आपल्याला कुठलं लायसन्स आवडतं हा प्रश्न नंतरचा. निम्मा निकाल ही यादीच लावते.

समजा वाचनालयासाठी ॲप करायचंय. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढला की मराठी किंवा कन्नड नाव ओळखून नोंद झाली पाहिजे. यादी साधारण अशी होते. पडद्यासाठी फ्लटर, बीएसडी ३-कलमी. अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट, अपाची २.०, मराठी आणि कन्नड या दोन्हींच्या प्रशिक्षित फाइली त्यात मिळतात. टेसरॅक्टला लागणारी लेप्टॉनिका ही लायब्ररी (तयार कोडचा संच), बीएसडी पद्धतीची. देवनागरी आणि कन्नड नोटो फाँट, फाँटसाठीचं ओएफएल लायसन्स. इथवर सगळं सुरळीत. तेवढ्यात ग्रुपमधला कुणीतरी लेखकांची नावं अकारविल्हे लावणारा एक जुना सुंदर कोड आणतो. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: जीपीएल, फक्त आवृत्ती २.

इथं गाडी अडते. अपाची २.० मध्ये पेटंटची अट आहे: याच सॉफ्टवेअरवरून कुणावर पेटंटचा दावा लावलात तर तुम्हाला मिळालेला पेटंटचा हक्क संपला. जीपीएल २ म्हणतं, माझ्या अटींपलीकडे एकही जादा बंधन घालायचं नाही. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते म्हणूनच ही दोन जुळत नाहीत. २००७ मध्ये जीपीएल ३ लिहिताना ही अडचण मुद्दाम काढून टाकली.

वाटा तीन. जुन्या कोडच्या लेखकाला मेल करून "आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कुठलीही" असं करून मिळतं का विचारा. हौशी लेखक पुष्कळदा आनंदानं देतात. नाही तर तो कोड न बघता, वर्णमालेच्या नियमांवरून स्वतःचा लिहा. तिसरी वाट टेसरॅक्ट वेगळा प्रोग्राम म्हणून चालवायची, म्हणजे फाइल द्यायची आणि मजकूर परत घ्यायचा. ही वाट वैध असली तरी मोबाइल ॲपमध्ये सगळं एकाच पोटात जात असल्यामुळे ती निसरडी होते. पहिल्या दोन बऱ्या.

जीपीएल २ आणि जीपीएल ३, एवढा काय फरक पडतोय?

आकड्यापेक्षा त्यामागचे शब्द बघा. "फक्त २" आणि "२ किंवा त्यानंतरची" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "फक्त २" वालं जीपीएल ३ शी जुळत नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, असाच आहे. "किंवा त्यानंतरची" असेल तर तुम्ही ३ निवडता आणि अपाचीशी मिळतं-जुळतं घेता. आवृत्तीचा उल्लेखच नसेल तर जीपीएलच्या मजकुरानुसार घेणाऱ्याला प्रसिद्ध झालेली कुठलीही आवृत्ती निवडता येते. आपण लिहिताना मात्र मोघम ठेवू नये.

आम्ही एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) फक्त मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतो. ते वाटप धरायचं का?

धरायचंच. प्ले स्टोअरवर टाका, पेनड्राइव्हवर द्या नाही तर ग्रुपवर पाठवा, प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की जीपीएलच्या अटी लागू. ज्याला एपीके दिलं त्याला त्याच आवृत्तीचा सोर्स कोड मिळाला पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे एपीकेच्या त्याच मेसेजमध्ये रेपोतल्या नेमक्या त्या आवृत्तीच्या टॅगची (खुणेची) लिंक द्यायची. "मागाल तेव्हा देऊ" या वाटेनं जायचं झालं तर ते आश्वासन लेखी द्यावं लागतं आणि किमान तीन वर्षं निभवावं लागतं. गणपती झाला की ग्रुपच बंद होतो, तिथं तीन वर्षं कोण सांभाळणार?

पतसंस्थेच्या आतच वापरायचं असेल तर?

संस्थेनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या शाखांत चालवलं तर जीपीएलखाली कोड कुणाला द्यायची सक्ती नाही. शेजारच्या दुसऱ्या संस्थेला प्रत दिली की ते वाटप झालं, आणि त्या संस्थेला सोर्स मागायचा हक्क मिळाला.

हिशेबाच्या कामात आपल्याकडे बरेच जण ईआरपीनेक्स्ट या तयार सॉफ्टवेअरवर उभं राहतात. तिथं दोन थर वेगळे ओळखा. खालचं फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी आहे, वरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३. नुसत्या फ्रॅपेवर वर्गणीचं ॲप लिहिलं तर लायसन्स तुमच्या मर्जीचं. ईआरपीनेक्स्टचा कोड आयात करून, त्याचे क्लास वाढवून लिहिलं तर जीपीएल ३ च ठेवा. "आमचं ॲप वेगळ्या फोल्डरमध्ये आहे" हा बचाव टिकेल यावर आमचा तरी भरवसा नाही. वाचनालयांच्या बाबतीत कोहाचं तसंच. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ही प्रणाली जीपीएल ३ किंवा त्यानंतरच्या लायसन्सखाली आहे, तिच्या प्लगिनलाही जुळणारंच लायसन्स लावावं.

एजीपीएल कशासाठी?

सर्व्हरसाठी. वेबसाइट म्हणून चालवलेल्या प्रोग्रामची प्रत वापरणाऱ्याच्या हातात जात नाही, त्यामुळे साध्या जीपीएलची सोर्स द्यायची अट तिथं लागू होत नाही. एजीपीएल ३ म्हणतं, बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात तर त्या लोकांना सोर्सही द्या. गावोगावच्या संस्थांनी मिळून एक ऑनलाइन सेवा उभी केली आणि उद्या कुणी ती उचलून बंद दाराआड सुधारली, तर ही अट कामाला येते. काही कंपन्या एजीपीएलला हात लावत नाहीत, हेही ठाऊक असू द्या.

एलजीपीएल आणि एमपीएल?

मधली वाट. एलजीपीएलची लायब्ररी बंद प्रोग्रामलाही जोडता येते, पण लायब्ररीतले बदल खुले ठेवावे लागतात. एमपीएल २.० ही अट फाइलपुरती ठेवतं, आणि खास नकार दिला नसेल तर जीपीएलशी जुळतं.

सरळ सांगा, आम्ही कुठलं घ्यावं?

यादीनं हात बांधले नसतील तर आमचं मत असं. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये सहज जोडावं अशी छोटी वस्तू असेल, म्हणजे मराठी-कन्नड लिप्यंतर, कळफलक, तारखांचं रूपांतर, तर अपाची २.०. एमआयटी वाईट नाही, आटोपशीर आहे. पण पेटंटबद्दल ते चकार शब्द काढत नाही. अख्खं ॲप असेल तर जीपीएल ३ किंवा त्यानंतरचं. सर्व्हरवरची सेवा असेल तर एजीपीएल ३. चौथ्याच कुठल्या तरी लायसन्सचा मोह झाला तर कारण एका वाक्यात लिहून बघा. लिहिता आलं नाही तर मोह सोडा.

कुणी कंपनी येऊन आमच्या फुकटच्या कष्टावर पैसे मिळवील. "व्यापारी वापर नको" अशी अट घालू का?

चीड समजते, तरी घालू नका. अशी अट असलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स राहत नाही. कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव नसावा, हे ओपन सोर्सच्या व्याख्येतलंच कलम आहे. शिवाय जीपीएल जादा बंधन चालवून घेत नाही, त्यामुळे त्या कोडशी तुमचं नातंच तुटतं. आणि मार बसतो तो भलत्याला. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, ती दुसरा कोड शोधते. गणपत गल्लीतला लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला, फॉर्म भरून देणारं झेरॉक्सचं दुकान, टायपिंगचा क्लास हे सगळे व्यापारीच. तुमच्या फाँट-कन्व्हर्टरची खरी गरज त्यांनाच, आणि अट वाचून मागं सरणार तेच. कुणी सुधारणा दाबून ठेवू नयेत अशी इच्छा असेल तर जीपीएल आणि एजीपीएल त्यासाठीच आहेत.

छापखान्याचा जुना डीटीपी फाँट ॲपमध्ये टाकला तर चालेल? विकत घेतलेला आहे.

नाही. विकत घेतला तो त्या कॉम्प्युटरवर छपाईसाठी वापरायचा परवाना. फाँटची फाइल ॲपसोबत वाटायचा हक्क त्यात सहसा नसतो. ओएफएलखालचा युनिकोड फाँट घ्या. लोहित आणि नोटो या दोन्ही घराण्यांत देवनागरी आणि कन्नड, दोन्ही आहेत. ओएफएलचा फाँट कुठल्याही लायसन्सच्या प्रोग्रामसोबत देता येतो. फाँट नुसता सुटा विकायचा नाही, आणि तुम्ही त्यात बदल केलात तर मूळ लेखकानं राखून ठेवलेलं नाव वापरायचं नाही. त्या फाँटमध्ये छापलेल्या पत्रिकेला कसलीही अट लागत नाही.

शब्दकोशासाठी शब्द कुठून घ्यायचे?

या प्रश्नाला वेळ द्या. आपल्या भागातली निम्मी कामं दोन भाषांवर उभी आहेत आणि शब्दांची यादी हा कोड नसून मजकूर आहे.

छापील कोश टाइप करून घ्यायचा असेल तर आधी कोशकार कधी वारले ते बघा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, किट्टेलचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ चा. दोन्हींची मुदत कधीच सरली. पण त्यांची कुणी अलीकडे केलेली डिजिटल आवृत्ती उचलणार असाल तर तिच्यात नव्यानं घातलेल्या टिपा आणि त्या साइटच्या अटी वेगळ्या तपासा. हयात लेखकाचा कोश असेल तर जाऊन भेटा आणि परवानगी कागदावर घ्या.

विकिपीडिया आणि विक्शनरीवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-समवाटप लायसन्सखाली आहे, म्हणजे श्रेय द्यायचं आणि बदललेला मजकूरही त्याच लायसन्सखाली वाटायचा; २०२३ पासून त्याची ४.० आवृत्ती लागू आहे. ही ४.० आवृत्ती जीपीएल ३ कडे एकाच दिशेनं जाऊ शकते, असं क्रिएटिव्ह कॉमन्सनं २०१५ मध्ये जाहीर केलं. अपाची किंवा एमआयटीकडे ती जात नाही. म्हणून शब्दांचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या लायसन्स फाइलसकट ठेवा आणि कोडचं लायसन्स कोडपुरतं ठेवा. हा शिरस्ता पहिल्या दिवसापासून पाळला तर पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

ॲपमधल्या मजकुराचं कन्नड भाषांतर एका बाईंनी करून दिलंय. त्यांचं लायसन्स वेगळं असतंय का?

भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क असतो. "माझं भाषांतर प्रकल्पाच्याच लायसन्सखाली देते" एवढी एक ओळ त्यांच्याकडून मेलवर घ्या आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव घाला. बाई ओळखीच्या आहेत म्हणून ही ओळ टाळू नका.

गावांचा नकाशा दाखवायचा आहे.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा वापरा. त्याचा डेटा ओडीबीएल या डेटाबेससाठीच्या लायसन्सखाली आहे आणि एकाच गावाचं मराठी नाव, कन्नड नाव असे वेगवेगळे रकाने ठेवायची सोय त्यात आहे. नकाशाचं चित्र दाखवलं तर श्रेय पुरे. तो डेटा घेऊन, त्यात भर घालून नवा डेटाबेस लोकांना दिला तर तो डेटाबेसही ओडीबीएलखालीच द्यावा लागतो. ॲपच्या कोडला मात्र ही अट चिकटत नाही. गूगलच्या नकाशावरून गावं बघून बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायची नाहीत.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. मालक कोण, विद्यार्थी, कॉलेज की संस्था?

विद्यार्थी नोकर नाही, त्यामुळे सर्वसाधारणपणे ज्यानं लिहिलं तो मालक. पण प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदात किंवा कॉलेजच्या बौद्धिक संपदा धोरणात वेगळं काही आहे का ते बघा. चौघांनी मिळून लिहिलं असेल तर चौघांची संमती लागते. पास होऊन एक पुण्याला, एक बंगळूरला आणि एक दुबईला गेल्यावर त्यांना शोधत बसण्यापेक्षा प्रोजेक्ट जमा करायच्या आधीच सगळ्यांच्या संमतीनं लायसन्सची फाइल टाका. नोकरीत असलेल्यांची गोष्ट वेगळी. कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे मालक-कंपनी ठरते, तेव्हा कंपनीची लेखी ना-हरकत घ्या.

संस्थेच्या नावे हक्क लिहून घेण्याचा आग्रह काही चेअरमन धरतात. घ्यायचेच तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतात. आमच्या मते छोट्या प्रकल्पाला हा खटाटोप लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून चालत आलेली पद्धत पुरते: प्रत्येक कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) लिहिणाऱ्यानं आपलं नाव आणि मेल घालून, हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही द्यायची.

लायसन्स नंतर बदलता येतं का?

ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांनी हो म्हटलं तर. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरनं २०११-१२ च्या सुमारास आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर नेलं तेव्हा जुन्या प्रोग्रामरांना एकेक करून शोधावं लागलं. ओपनस्ट्रीटमॅपनं २०१२ मध्ये लायसन्स बदललं, आणि ज्यांनी संमती दिली नाही त्यांनी भरलेला डेटा नकाशातून काढावा लागला. आधी वाटलेल्या आवृत्त्या जुन्याच लायसन्सखाली राहतात, त्या परत घेता येत नाहीत.

रेपोत नेमकं काय ठेवायचं?

मुळाशी लायसन्सचा पूर्ण इंग्रजी मजकूर, एका अक्षराचाही बदल न करता. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दोन ओळी: कॉपीराइट कुणाचा आणि कुठल्या वर्षाचा, आणि एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सची नावं लिहायच्या प्रमाण पद्धतीची, ठरलेली खूण. ही खूण मशीनला वाचता येते आणि "फक्त" की "किंवा त्यानंतरची" हा घोळ तिथंच मिटतो. अपाचीच्या लायब्ररीसोबत नोटीस नावाची फाइल आली असेल तर तीही पुढे द्या. ॲपमध्ये "लायसन्स" असा एक पडदा ठेवून बाहेरून घेतलेल्या सगळ्यांची नावं आणि मजकूर तिथं दाखवा. फ्लटरमध्ये त्यासाठी तयार पान मिळतं.

मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये दिला तर?

समजण्यासाठी जरूर द्या. रीडमीमध्ये दोन्ही भाषांत चार-पाच ओळींचा गोषवारा लिहा आणि त्याखाली "बंधनकारक मजकूर इंग्रजी" असं स्पष्ट म्हणा. जीपीएलची भाषांतरं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अधिकृत मानत नाही.

कुणी आमचा जीपीएलचा कोड घेतला, नाव पुसलं आणि विकायला लागला. आता?

विकणं गुन्हा नाही. नाव पुसणं आणि सोर्स न देणं हा भंग आहे. आधी पुरावा जमवा: त्यांचं एपीके, तारीख, तुमच्या फाइलींशी जुळणारे भाग. मग सभ्य भाषेत एक मेल पाठवा, कारण बऱ्याच वेळा समोरच्याला अट माहीतच नसते. जीपीएल ३ मध्ये तशी सवलत आहे: पहिल्यांदाच नोटीस आली आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत सगळं दुरुस्त केलं तर त्याचे हक्क कायमचे परत मिळतात. जीपीएल २ मध्ये ही सवलत नाही, भंग झाला की हक्क आपोआप संपतात. महिना उलटला आणि उत्तर नाही, तर तोच मेल आणि पुरावे घेऊन वकिलाकडे जा. तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या नावानं शिमगा करू नका. पुढे कोर्टात तेच स्क्रीनशॉट तुमच्यासमोर येतात.